आत्याबाईंनी देवाचा दिवा लावणं सोडलं तेव्हा...

त्या दिवशी महाळुंगे पडवळला आमच्या घरात सकाळचा देवाचा दिवा लागलाच नव्हता... दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "दिवा तू लाव. आन् बरणीतलं लोणचं बी तूच काढ."

अहो, लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्या बरणीला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता! मी मुळातच संशयी, पिंपरी पेंढारला माहेरी मला फौजदार म्हणायचे. मला वाटलं, म्हातारी एक तर माझी परीक्षा घेतेय, नाहीतर कशावरून तरी रुसलीय.

चार दिवसांनी त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि दिवा स्वतः लावला. पुढच्या महिन्यात परत तेच... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई अठ्ठावन्न वर्षांची, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि ही गुपचूप बाजूला बसतेय!

मागच्या दारी गाठून विचारलंच. "लाज वाटती गं," त्या म्हणाल्या. "तरणी असताना लई जायचं अंगावरून, पोट बी दुखायचं. मला वाटलं तेच परत आलं."

देवाला विटाळ नको म्हणून चार दिवस पाळले, पण घरात कुणाला सांगितलं मात्र नाही. मला इतका राग आला...

मंचरला लेडी डॉक्टरकडे नेलं, तर तिथेही माझा संशय सुटेना. आमच्याकडे तेव्हा बाईचं जरा काही दुखलं की 'पिशवी काढा' हेच कानावर यायचं. माझ्या मावशीची कंबरदुखीपायी पस्तिशीतच काढली, कंबर अजून दुखतेच आहे. मी डॉक्टरीणबाईंना तोंडावर म्हटलं, "पिशवी काढायची असेल तर आत्ताच सांगा, आम्ही निघतो."

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "संशय जरूर घ्या. पण पाळी गेल्यावर परत रक्त जात असेल तर तपासायलाच हवं. पिशवीच्या आतला छोटा तुकडा काढून तपासू द्या, मग भांडा माझ्याशी."

रिपोर्ट आला... पिशवीचा कॅन्सर. मी भांडले नाही, स्टँडवरच्या बाकावर बसून रडले.

पुण्यात ऑपरेशन झालं. काढलेल्या पिशवीच्या रिपोर्टात कॅन्सर अगदी सुरुवातीचा निघाला, आणि सोबत आणखी एक शब्द होता, ॲडेनोमायोसिस. म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर तिच्याच भिंतीत शिरून येणारी सूज... साधी, कॅन्सरची नव्हे. तरुणपणचं ते दुखणं बहुतेक तेच होतं.

मी लगेच विचारलं, या सुजेचाच कॅन्सर झाला ना? सर्जन म्हणाले, तसं म्हणता येत नाही. उलट ही सूज असलेल्या बायकांचा हा कॅन्सर बरेचदा लवकरच्या टप्प्यात सापडतो, पुढेही त्या बऱ्या राहिलेल्या दिसतात. पण ते सुजेमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुम्ही वेळेत आणलंत, ते धरून चाला.

मला वाटलं, आपली समजूत काढतायत. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक तपासणीला जीव मुठीत धरून गेले, आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला आला. तरी एकदा तर तो दुसऱ्याच बाईचा असेल म्हणून नाव तीनदा वाचून घेतलं...

आत्याबाई आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि पाळी माझी गेलीय. परवा मंचरची एसटी चुकेल म्हणून मी दिवा न लावताच निघाले, तर काठी टेकत दारात आडव्या आल्या. "दिवा का न्हाई लावला? खरं सांग... काय लपवतीस का?"

एसटी गेली ती गेलीच. मी आत जाऊन दिवा लावला, आणि तो लागेपर्यंत त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

घरात असं संशय घेणारं एक तरी माणूस असावं हो...