ऑप्शनला टाकलेला देश

गावंडे सरांच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तास मागे चालायचं. मला आधी हे ठाऊक नव्हतं. अकोल्याला बदली होऊन आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि घड्याळात साडेदहा. जुन्या विद्यार्थ्याला शोभेल अशा उत्साहाने मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि घड्याळाला हात घातला.

"राहू दे," सर म्हणाले. "ते बरोबर हाय. बुर्किना फासोत आता सकाळचे साडेदहाच वाजले."

मी मुकाट्याने उतरलो. काकूंनी चहा आणला आणि स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं. त्या घरात कुणी नवा माणूस आला की हे असंच होत असावं, कारण दोघांनाही त्यात काही नवल वाटलं नाही.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. फळ्यावर एका दमात भारताचा नकाशा काढायचे आणि अकोल्याच्या जागी खडू टोचून म्हणायचे, "इथं तुमी बसले हा. इथून बाकीचं जग मोजा." असं मोजत मोजत आम्ही वर्षभर पुष्कळ हिंडायचो. पश्चिम आफ्रिकेचा धडा आला की मात्र सर पुस्तकाची चार पानं एकदम उलटायचे. "हा ऑप्शनले टाका बाप्पा. दोन मार्काचा धडा हाय. तेवढ्या वेळात काळी जमीन दोनदा वाचून होते." आम्ही आनंदाने टाकला. आमच्या आधीच्यांनी टाकला होता, नंतरच्यांनीही टाकला. पुढे मी स्वतः भूगोलाचा मास्तर झालो तेव्हा तीच चार पानं त्याच सफाईने उलटत आलो, हेही इथेच सांगून टाकतो.

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं बसवणारा फिटर होता, कामात तरबेज. इथल्या एका कारखान्याने बुर्किना फासोला यंत्रं विकली आणि ती बसवायला दोन वर्षांसाठी जातोस का, असं त्याला विचारलं. त्याचं मन होईना. एका संध्याकाळी त्याने सरांना विचारलं, "बाबा, कसा हाय तो देश? जाऊ काय?" सर तेव्हा निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, पोराला 'मला माहीत नाही' कसं म्हणणार? ते म्हणाले, "गवताळ प्रदेश हाय. कापूस होते. आपल्या अंजनगावासारखाच समज. जाय बिनधास्त." अमोल गेला.

पहिलं वर्ष बरं गेलं. तो फोटो पाठवायचा: लाल माती, डोंगराएवढे कापसाचे ढीग, त्यापुढे हसत उभे असलेले तिथले मजूर. दुसऱ्या वर्षी पूर्वेकडच्या एका गावातलं यंत्र बंद पडलं म्हणून तो ट्रकमधून निघाला. ट्रक रस्त्यावर सापडला. आत माणसं नव्हती. त्यानंतर अमोलचा फोन लागला नाही तो नाहीच.

त्या दिवसापासून सर तो धडा वाचू लागले. पुस्तकातली चार पानं एका दुपारीच संपली. मग वाचनालय, मग मोबाईल, मग भिंतभर नकाशा. गावांची नावं त्यांनी देवनागरीत लिहून काढली. आपल्याकडे हिवाळा लागला की सर सांगायचे, "आता तिकडं हरमॅटन सुरू होईन. वाळवंटाकडून धूळ घेऊन येते तो वारा. माणसाचे ओठ फाटते." नंतर थोडं थांबून, "अमोलले धुळीचा त्रास हाय." काकू अशा वेळी उठून आत जायच्या. मला वाटायचं, ऐकवत नसेल. त्याचं खरं कारण मला फार उशिरा कळलं.

एकदा त्यांच्यासोबत मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत गेलो होतो. अमोलच्या शोधासाठीचा नवा अर्ज तिथून दिल्लीला जाणार होता. आधीच्या अर्जांना दिल्लीची उत्तरं यायची, 'पाठपुरावा सुरू आहे' एवढीच. कारकुनाने फाईल काढली, तर वर लिहिलेलं 'साऊथ आफ्रिका'. सर म्हणाले, "हा देश पश्चिमेकडं हाय, भाऊ." कारकून म्हणाला, "आफ्रिकाच नं सर, काय फरक पडते?" मी तापलो. सरांनी माझा हात दाबला, अर्जाच्या पाठीमागे पेनाने नकाशा काढला आणि पूर्वेकडच्या त्या रस्त्यावर फुली मारली. मग विचारलं, "शाळा कोणती तुमची?" त्याने अमरावतीतल्या एका शाळेचं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तिथंही ऑप्शनलेच टाकला असंन." हसावं की रडावं, मला कळेना. 

पुढच्या वर्षी ते माझ्या शाळेत आले. "मले एक तास देतं काय? नववीचा चालंन." मी दिला. त्यांनी फळ्यावर एका दमात तो देश काढला आणि भोवती सहा शेजारी बसवले. "याले समुद्र नाही. पेट्रोल, सिमेंट, सारं दुसऱ्याच्या बंदरातून येते. जमीन आपल्यासारखी काळी नाही, लाल हाय. तरी कापूस पिकवतात. ज्वारी-बाजरी खातात, आपल्यासारखीच. साठेक भाषा हायेत. जमिनीखाली सोनं हाय, ते बाहेर जाते, आन् ज्याची जमीन तो तसाच राह्यते. एका वर्षात दोनदा फौजेनं सत्ता घेतली. आता फौज म्हणते राज्य आमचं. पण या पूर्वेच्या रस्त्यावर बंदूकवाल्या टोळ्या..." खडू तिथे थांबला. वर्ग वाट पाहत होता. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, हे परीक्षेले येते काय?"

सरांनी खडू खाली ठेवला. "नाही बेटा," ते म्हणाले. "म्हणूनच राहून गेलं."

व्हरांड्यात मी त्यांना धरून चालवत नेलं. "मले माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं," ते म्हणाले. "तेवढं म्हणता आलं नाही मले." मी म्हणालो, अमोल तरीही गेला असता. "गेला असता कदाचित. पण त्यानं मले विचारलं होतं नं."  

सर या उन्हाळ्यात गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी मला वेळ विचारली. मी सात म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी म्हणालो, "दीड वाजला, सर." तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

तेरवी झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. बैठकीत स्टूल आधीच घड्याळाखाली आणून ठेवलेलं होतं. मला वाटलं, सेल संपला असेल.

"आपल्या वेळेवर करून दे," काकू म्हणाल्या.

मी म्हणालो, "काकू, अमोलचा अजून काही..."

"तुह्या सरायसाठी ठेवलं होतं ते," काकू म्हणाल्या. "माह्या जिवानं तर पयल्याच वर्षी सांगतलं होतं, पोरगं आता येत नाही. याईले कसं सांगू? ते तिकडलं बोलले की मी आत निंघून जाओ."

मी वर चढलो. या खेपेला कुणी राहू दे म्हणालं नाही. काटा फिरवत साडेपाच तास पुढे आणला. खाली काकू दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभ्या होत्या.