मामाच्या नावाची साडी

आज जळगावच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानात शिरले आणि खळीचा वास आला. कोऱ्या सुती कापडाचा, किंचित आंबूस, भाताच्या पेजेसारखा. हल्ली दुकानांतून कापडाचा वास येतच नाही, पुठ्ठ्याचा नि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा येतो. मी एका ताग्यावर हात ठेवून नुसतीच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, घ्यायचंय की बघायचंय?" त्याला काय सांगणार, कपाळ! हात कापडावर होता आणि जीव तीन वर्षांपूर्वीच्या एका मांडवात अडकला होता.

हा वास माझ्या थोरल्या भावाच्या अंगाचा. नाना म्हणतो आम्ही त्याला. अमळनेरला गिरणीत मागावर उभं राहून त्याने उमेदीची वर्षं काढली. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण नानाची बोटं काही थांबली नाहीत. कुणाच्या अंगावर नवं कापड दिसलं की चिमटीत धरणार, काठ उलटा करणार, काठातला एक धागा उपसून त्याला काडी लावणार. सूत असेल तर कागदासारखं भुरकन जळून राख होते, नकली असेल तर काळी, टणक गोळी वळते. काडीने धागा कळतो, देश कळत नाही, म्हणून मग विणलं कुठे याची उलटतपासणी. भाऊबंदांत थट्टा चालायची, "नाना आला रे, सदरे लपवा!" तोही हसायचा. पण स्वतः घालायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं ते इथलं सूत, इथलीच वीण. त्यात तडजोड नाही. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. अख्खं जग परदेशातून शिवून आलेलं घालतंय, हा एकटा कुठवर पुरा पडणार?

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामाने आणलेल्या पिवळ्या साडीत, आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. नानाने साखरपुड्यातच व्याह्यांना सांगून टाकलं, "आमनी भाची आपला देशना सुतमा उभी ऱ्हाई." स्वतः येवल्याला जाऊन विणकराच्या घरून साडी आणायची असा त्याचा बेत होता. नेमका गुडघा धरला. फोनवर म्हणाला, "बाई, आते तूच ले. पन काठ पलटाईसन देख."

येवला राहिलं येवल्यात. पत्रिका वाटायच्या होत्या, आचाऱ्याला बट्टीचं पीठ नि वांगी सांगायची होती, पाहुण्यांच्या गाद्या जमवायच्या होत्या. एका चकचकीत दुकानात मुलीला एक पिवळी साडी आवडली, विकणारी पोरगी "हातमागाची आहे काकू" म्हणाली, आणि मी घेऊन मोकळी झाले. काठ उलटलाच नाही. चार दिवसांनी, ब्लाउज शिवून आल्यावर, घडीच्या आतल्या अंगाला एक चिकटपट्टी सापडली. वर मला न वाचता येणारी अक्षरं, खाली इंग्रजीत 'पॉलिएस्टर' आणि देशाचं नाव, आणि तो देश आपला नव्हता. दुकानात धावले, तर "विकलेला माल बदलून मिळणार नाही." दुसरी घ्यायला वेळ होता, हे आज कबूल करते. पण मुलीचा जीव त्या साडीवर जडला होता, आणि मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय! खोबरेल तेल लावून नखाने ती पट्टी खरवडून काढली. नानाला फोन केला, "येवल्याचीच आणलीय रे." तो केवढा खूश झाला! तिथून माझी झोप उडाली.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात उकाडा मी म्हणत होता. नाना लंगडत आला. त्याच्या खिशात काडेपेटी असणार, हे मला न बघताच ठाऊक होतं. साडी देण्याची वेळ आली, तेव्हा वरपक्षाकडचे एक आबा मोठ्याने म्हणाले, "नाना, तुमची ती काडी दाखवा की! लई ऐकलंय." झालं, सगळे भोवती गोळा. नानाने काडेपेटी बाहेर काढली. दुसऱ्या हाताने काठ चिमटीत धरला, अंगठा फिरवला आणि अंगठा जागच्या जागी थांबला. वाटलं, आत्ता माझ्या पोरीच्या लग्नात, सगळ्यांच्या देखत, ती काळी गोळी वळणार. नानाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग काडेपेटी खिशात टाकली.

"नही आबा," तो म्हणाला, "बहीननी आनेल शे. तठे काडी लावतस का?"

लोक हसले. कुणी म्हणालं, बहिणीवर माया बघा! मंगलाष्टकं सुरू झाली. नाना भाचीच्या पाठीशी उभा होता, ती साडी त्याच्या डोळ्यांसमोर. अक्षता टाकताना मी मुलीकडे पाहतच नव्हते, नानाच्या हाताकडे पाहत होते. जेवायची वेळ झाली, तर "भूक नही" म्हणत तो बस गाठायला निघून गेला.

नंतर दोन महिने त्याचा फोन नाही. शेवटी एसटीने अमळनेरला गेले आणि ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं, ती पट्टी, तेल, नख, सगळं.

"माले माहीत व्हतं. अंगठा ठेवताच," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस रे?"

"काय बोलू? भर मांडवमा मनी बहीन खोटी शे, आसं म्हनू? कपडा खोटा निंघना ते बदलाई लेता येस. तुले कोठे बदलाई लेऊ?"

मी रडले. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. रागावला असता तर बरं झालं असतं. जन्मभर कापडाचं खरं-खोटं तोंडावर सांगणाऱ्या माणसाने एकदाच खोटं झाकलं, आणि ते माझं होतं.

हल्ली मी काठ उलटून बघते, दुकानदारांना भंडावून सोडते. कधी इथलं मिळतं, कधी कुणालाच सांगता येत नाही. पण त्याने काय होणार? गिरणी काळाने बंद पाडली, त्याला माझा इलाज नव्हता. नानाच्या बोटांत जेवढी गिरणी उरली होती, तेवढी मात्र मी बंद पाडली. त्या लग्नापासून त्याने कुणाच्याच कापडाला काडी लावलेली नाही. पोरं आग्रह करतात, तो गुडघ्याचं काहीतरी बोलून विषय बदलतो. परवा माझा जावई नवा सदरा घालून त्याच्या पाया पडला. नानाने हात पुढे केला, सदऱ्याच्या कडेपाशी नेला, आणि तिथूनच मागे घेतला.

"भारी शे," म्हणाला, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.