पडद्यावरची खानावळवाली

भावाच्या हळदीच्या आठवड्यात मी एका खेळाचं परीक्षण लिहीत होते. कंप्युटरवरचा खेळ, फक्त मोठ्यांसाठी, कुठल्याशा देशातल्या एकट्या माणसानं घरी बसून बनवलेला. मी मानकोलीला गोदामात डिस्पॅच बघते आणि सुट्टीच्या दिवशी टोपणनावानं असल्या खेळांवर लिहिते. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. बाबा गेल्यापासून अंजूरच्या आमच्या घरात काकांचा शब्द चालतो, आणि काकांनी नोकरीला परवानगी देतानाच बजावलं होतं, "येक जरी वाकडी गोष्ट कानावर आली ना, दुसऱ्या दिवशी घरी बसायचं." त्यामुळे मी लॅपटॉप उघडतानाही दाराकडे पाठ करून बसत नसे.

खेळाची नायिका चाळिशीतली खानावळवाली. लढाईतून परतलेली माणसं तिच्याकडे उतरतात, कुणी जेवायला, कुणी तिच्यासाठी. खेळाचं बळ तिच्या बोलण्यात होतं. तुम्ही तिच्या तोंडून कुणाला नाही म्हणालात तर तो माणूस दहा दिवसांनीही ते विसरत नाही. कुणी आणखी अदबीनं वागतो, कुणी डूख धरतो. हो म्हणण्याचीही लाज तिला वाटत नाही. हे मला इतकं आवडलं की मी दोन पानं नुसती त्यावरच लिहिली. बाकी उणिवा ढीगभर. मारामाऱ्या कंटाळवाण्या, नकाशा असा की तबेला शोधता शोधता जीव मेटाकुटीला यावा. शय्येचे प्रसंग तर बनवणाऱ्यानं घाबरत घाबरत चितारल्यासारखे: बाई जिवंत, पुरुष लाकडाचा. असाच एक प्रसंग अर्ध्यावर ठेवून हळदीच्या सकाळी मी लॅपटॉप मिटला आणि कपाटात ठेवला. घरात कुणाला संशय नको म्हणून त्याला पासवर्डही लावलेला नव्हता.

भावाचे लहानपणचे फोटो पेनड्राइव्हवर घालून द्यायचं काम माझ्याकडे होतं. परीक्षणाच्या नादात ते राहून गेलं.

दुपारी चारला लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं गाणं धरलं. मी करवली, भावाच्या पाठीशी पाटावर बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीत. आमच्याकडे सगळ्या सवाष्णींची हळद लावून होईपर्यंत करवलीनं पाट सोडायचा नसतो. मांडवाच्या टोकाला भला मोठा एलईडी पडदा उभा होता. तो लावणारा भिवंडीचा, पन्नाशीचा गृहस्थ होता. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या हळदी त्याच्याच पडद्यावर झालेल्या. त्यानं आईकडे फोटो मागितले. आईनं "ड्युटीवाल्या पोरीचा हाय," असं कौतुकानं सांगत कपाटातून माझा लॅपटॉप काढून त्याच्या टेबलावर ठेवला, त्याच्या स्वतःच्या काळ्या लॅपटॉपशेजारी, आणि ती मागच्या चुलीकडे वडे तळायला गेली.

मी ते पाटावरून पाहिलं. हळद लावायला अजून आठ बायका रांगेत होत्या. उठले असते तर अख्खा मांडव ओरडला असता, आणि का उठले ते सांगावं लागलं असतं. ओरडून त्याला थांबवलं असतं तरी तेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस समोर वायर जोडत होता. एक मामी गालाला हळद फासत म्हणाली, "अगो, थरथरतेस कशापायी? लगीन भावाचा हाय, तुझा न्हाय." बायका हसल्या. मीही हसले.

पडदा उजळला. दहा फुटी खानावळवाली खाटेच्या काठावर बसलेली, केस मोकळे, खांदा उघडा, मागे तो लाकडी पुरुष. धवलारीण ओळीच्या मधेच थांबली. कुणीतरी पोरांचे डोळे झाकले. पडदेवाल्यानं झटक्यात वायर ओढून दोन्ही लॅपटॉप मिटले; सगळं मिळून पाच सेकंद झाले असतील.

काका टेबलाशी पोचले होते. "कोनाची हाय ही घान?" त्यांनी पडदेवाल्याला विचारलं. त्यानं दोन्ही लॅपटॉपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकांनीही माझ्याकडे पाहिलं. मला माझी सकाळची बस दिसली, गोदामातली माझी खुर्ची दिसली, आणि मी म्हणाले, "माझ्या लॅपटॉपात फक्त फोटो हायेत, काका. त्यांच्यातलंच आलं असंल कायतरी."

आईबहिणींसमोर काकांनी त्याला जे सुनावलं ते मला लिहवत नाही. पंचक्रोशीतल्या कुठल्याही गावात पाय ठेवून दाखव, असंही म्हणाले. तो मान खाली घालून पडदा उतरवू लागला. मी पाटावर होते आणि बायका माझ्या कपाळाला हळद लावत होत्या.

पाट सुटल्यावर मी हात न धुताच फाटकाकडे धावले. तो टेम्पोत वायरी भरत होता. माझा लॅपटॉप त्यानं वेगळा, कापडात गुंडाळून ठेवला होता. तो माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "घाबरू नका ताई. माझी पण मुलगी ड्युटीला जाते."

काय बोलायचं ते माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात मागून काकूच्या बांगड्या वाजल्या, आणि मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले, "पुढच्या वेळेला तरी बघून लावत जा."

"हो ताई," तो म्हणाला.