खाकी कव्हरं

माझी धाकटी जाऊ लायब्ररी चालवते आणि मीही लायब्ररीच चालवते. फरक इतकाच, की तिच्या लायब्ररीत माणसं असतात.

तिला लायब्ररीच्या कोर्सला घातलं मीच. लग्न होऊन आली तेव्हा दुपारभर टीव्हीसमोर बसून असायची. म्हटलं, बाई, काहीतरी शीक. शिकली, आणि पिंपरीला नवी कोरी लायब्ररी निघाली तिथं जाऊन बसली. मी दापोडीच्या जुन्या वाचनालयात होते तिथंच. आता ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, "तुमच्या जाऊबाईंची लायब्ररी पाहिलीत का?" पुस्तकांना नंबर कसे टाकायचे हे तिला कुणी शिकवलं, ते कुणी विचारत नाही.

तिच्याकडे पहिली शिफ्ट सुटली की चाकणच्या बसमधून उतरलेले कामगार थेट येतात, युनिफॉर्म अंगावर, डब्याची पिशवी पाठीला. कुणी मशीनचं काहीतरी कॉम्प्युटरवर बघत बसतो, कुणी पीएफचं ऑनलाइन काम समजून घेतो. बाहेरगावाहून आलेल्या बायका एका कोपऱ्यात मराठी वाचायला शिकतात. सगळे खुशाल बोलत असतात. "ही लायब्ररी म्हणायची की एसटी स्टँड?" असं मी एकदा जेवताना म्हणाले. कुणीही हसलं नाही.

आमच्याकडे शांतता असते. कपाटांना कुलपं असतात. वाचकानं खिडकीशी येऊन पुस्तकाचं नाव सांगायचं, मी काढून देणार. आणि पुस्तक आलं की त्याला पहिल्यांदा खाकी कव्हर, कडा आतून डिंकानं बंद, पाठीवर नंबर. मळत नाही, फाटत नाही. आमची कमिटी या कपाटांचं फार कौतुक करते. मीही करायचे.

तिच्या एसीचं, तिच्या गर्दीचं मी एकवेळ मनावर घेतलं नसतं. पण तिनं माझ्या सासूबाई नेल्या.

सासूबाई राहतात माझ्याकडे. मावळातल्या खेड्यातून आलेल्या, शाळा जेमतेम, पण वाचनाचं वेड असं की मी संध्याकाळी घरी आले की आधी माझ्या पिशवीत हात जायचा. मग रात्री भाजी निवडताना त्या मला गोष्ट सांगायच्या आणि मी न वाचलेली पुस्तकं मला अशी कळायची. आमचं सासूसुनेचं जे काही जमलं ते त्याच्यावर. पुढे त्यांच्या डोळ्याचा पडदा खराब झाला. मधोमध काळा डाग, अक्षर दिसेना. मी पुस्तकं आणणं बंद केलं. दिसत नसताना समोर आणून कशाला जीव जाळायचा त्यांचा?

आणि मग हे बुधवारचं सुरू झालं. दर बुधवारी जाऊ तिथं मोठ्यानं पुस्तक वाचते आणि ऐकायला सासूबाई शेजारणीला घेऊन मेट्रोनं जातात. चांगलं पातळ नेसून. परत आल्या की "धाकटी काय झ्याक वाचती!" माझा नुसता जळफळाट. एवढं ऐकायचंच होतं, तर घरात मी काय मुकी होते?

एका बुधवारी हाफ डे टाकून मी गेलेच. जाऊ म्हणाली, "या ना ताई," आणि पाणी आणून दिलं. तिच्यात काही खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. सासूबाई पुढच्याच खुर्चीत, मांडीवर एक लालभडक पुस्तक.

"आज आईंनी निवडलंय," जाऊ म्हणाली.

मला ते खरंच वाटेना. परतताना मेट्रोत विचारलं, "आई, दिसत नाही तर निवडलंत कसं?"

"अक्षर दिसत न्हाई. रंग दिसतो की. तिथं फळीपाशी जायचं, पायजे ते घ्यायचं. लाल म्हन, हिरवं म्हन." मग म्हणाल्या, "तुझ्याकडं समदी एका रंगाची. आन कुलपात."

मी रागावले होते, पण कुणावर ते समजेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एक कपाट उघडलं, कात्री घेतली आणि कव्हरं उतरवायला लागले. कमिटीला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीटिंग झाली असती. रोज थोडी थोडी करत, नंबर पुन्हा चिकटवत ते कपाट झालं. त्याचं कुलूप मी टेबलाच्या खणात टाकलं. मग सासूबाईंना रिक्षात घालून आणलं आणि कपाटासमोर उभं केलं. मान तिरकी करून, डाग चुकवत त्या फळीवरून हात फिरवत राहिल्या आणि एक निळं पुस्तक ओढलं. मी नाव वाचून दाखवलं. हे त्यांचं सगळ्यात आवडतं. माझ्या पिशवीतून कितीदा तरी घरी गेलेलं.

त्यांनी ते डोळ्यांच्या कडेशी धरलं. मुखपृष्ठावर एक विहीर होती.

"हे असं हाय व्हय गं?" त्या म्हणाल्या. "एवढ्यांदा वाचलं, त्याचं तोंड आज बघतीया."

त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "बुधवारी नेते. धाकटीकडनं वाचून घेते."

"न्या," मी म्हटलं. "पण आजपासून बुधवारपर्यंत मी वाचणार. बसा इथं."

आणि पाटीवर लिहिलेल्या 'शांतता राखा'खाली खुर्ची ओढून मी मोठ्यानं वाचायला लागले.