अडलात? एस्केप दाबा

नसीमताई इनामदार टेबलावरचा माऊस कायम उलटा करून ठेवायच्या. कुणी हात लावायला गेलं की म्हणायच्या, "झोपलाय तो, उठवू नका."

नारायण पेठेतल्या आमच्या लहानशा कार्यालयात पुस्तकांचा मजकूर छपाईसाठी तयार होई. तिथला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम, सगळा कीबोर्डवर चाले. ज्याला कळा पाठ, त्याचे हात भराभर चालत, बाकीचे घामाघूम. पहिल्याच दिवशी मी त्यात अडकले, बाहेर पडता येईना. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो, चक्रव्यूह नाही हा. बाहेर जायचा रस्ता आहे, आम्ही पाटी लावलेली नाही एवढंच."

मग ती पाटी त्यांनीच लावायला घेतली. एस्केप दाबलं की मेनू उघडायचा: साध्या मराठीत काम आणि शेजारी त्याची कळ. जुन्या मंडळींपैकी एकाने विचारलं, "या कुबड्या कशाला?" ताई म्हणाल्या, "पोहायला शिकताना तुमच्या पाठीला डबा नव्हता? की थेट मुठा नदीतच जन्मलात?"

नव्या माणसाला बसवून, आपण काही सांगून बसू नये म्हणून त्या मागे तोंडावर हात ठेवून उभ्या राहत. तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य संध्याकाळपर्यंत बदललेलं असे. "चूक त्याची नाही, माझ्या वाक्याची." मेनूबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "त्याने स्वतःची गरज संपवावी. शिकलेल्या माणसाने तो उघडायचाच नाही."

म्हणून एका सकाळी त्यांच्याच पडद्यावर मेनू उघडा दिसला, तेव्हा काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. "तपासतेय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पुढे डॉक्टरांनी स्मृतीच्या आजाराचं नाव घेतलं आणि ताई यायच्या थांबल्या. त्यांची रिकामी खुर्ची बघून मला रडू फुटे.

एकदा त्यांचे यजमान सलीमभाई यांचा फोन आला. "टेबलावर बोटं वाजवत बसते. कीबोर्ड हवाय बहुतेक." मी लॅपटॉप घेऊन मार्केट यार्डाजवळच्या त्यांच्या घरी गेले. एडिटर उघडून दिला. ताईंची बोटं कळांवर आली आणि तिथेच राहिली. काही आठवेना. डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांना पडद्याच्या तळाशी त्यांनीच पूर्वी लिहिलेली ओळ दिसली: 'अडलात? एस्केप दाबा. काही बिघडणार नाही.'

त्यांनी दाबलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. स्वतःचं नाव टाइप केलं, मेनूत शोधून सेव्ह केलं. चेहरा लहान मुलीसारखा उजळला. मग माझ्याकडे वळून अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "अहो, हे कोणी लिहिलंय? अडाण्याला लाज वाटू दिली नाही हो त्यांनी. माझे आभार सांगाल त्यांना?"

सलीमभाई उठून आत गेले. मी म्हटलं, "सांगते."

पुढे त्या आजारातच ताई गेल्या. तो निरोप अजून माझ्यापाशीच आहे.