उरेल ती जागा

अकोल्यातल्या एका लहान दवाखान्यासाठी मी अमरावतीत घरी बसून रुग्णनोंदणीचा प्रोग्राम लिहिला होता. तिथले संगणक जुने. म्हणून चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि रकाने. अशा पडद्यावर कोणतं अक्षर कुठे बसेल हे मोजत बसावं लागत नाही. कोणत्या रकान्याला किती जागा हवी एवढं फाइलीत लिहून द्यायचं, मांडणी मशीन करतं. मी लिहिलं, क्रमांकाला आठ अक्षरं, नावाला तीस, गावाला वीस, फोनला बारा, तारखेला दहा. औषधांच्या ॲलर्जीचा रकाना शेवटचा, त्याला उरेल ती जागा. माझ्या रुंद पडद्यावर तो ऐसपैस दिसायचा.

पंधरा दिवसांनी नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंचा फोन आला.

"दादा, तो ॲलर्जीचा रकाना दिसूनच नाही राहिला."

मीही त्याच भागातला, वलगावचा; आईशी असाच बोलतो. पण कामाच्या फोनवर माझी भाषा पुण्याची होते.

"ताई, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल. बंद करून पुन्हा सुरू करा."

"दोनदा केलं ना."

"मग तिसऱ्यांदा करा," म्हणून मी फोन ठेवला. पुढचे त्यांचे दोन फोन उचललेच नाहीत.

मग एक दिवस डॉक्टरांचा फोन आला. बार्शीटाकळीच्या एका रुग्णाला न चालणारं इंजेक्शन दिलं जाणार होतं. नर्सने सुई हातात घेऊन, कशाची ॲलर्जी आहे का, असं सहज विचारलं, म्हणून टळलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचल्यावर आधी खिडकीवरचा संगणक बघितला. पडदा बरोबर ऐंशी अक्षरांचा होता. बाकीच्या रकान्यांची माझी बेरीजही ऐंशी. ॲलर्जीसाठी काहीच उरत नव्हतं.

हे कळल्यावरच मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. खिडकीवरच्या बाई तिथे उभ्या होत्या, मला खुर्ची मिळाली.

"दिसत नव्हतं तर कळवलं का नाही?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"यायले फोन केला होता मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फोन आला होता, पण नेमकं काय होतंय ते त्यांना सांगता आलं नाही."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या खिडकीवर परत गेल्या.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. ॲलर्जीला पक्की जागा दिली, कमी पडली तर फोनचा रकाना आधी जाईल असं लिहिलं. नर्सने तेव्हा सांगितलं की मी फोन उचलत नव्हतो म्हणून खिडकीवरच्या बाई प्रत्येक केसपेपरवर लाल पेनाने ॲलर्जी लिहीत होत्या. तो प्रकार घडला त्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या. हे ऐकूनही मी परत डॉक्टरांच्या खोलीत गेलो नाही. बस पकडली.

चार दिवसांनी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता चालतंय ना?" मग बाईंना फोन लावला.

"चूक माही होती," मी म्हणालो.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुमी तवा डॉक्टरसमोर बोलाले पायजे होतं. आता ठेवते, लाइन लागून राहिली."

त्या दवाखान्याचं पुढचं काम मी दुसऱ्या एकाला देऊन टाकलं. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा, वेळ नाही, असं सांगितलं.