म्हशीच्या काट्यावरचे भावोजी

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकाट्याने चपला घातल्या आणि फणसवाडीतून डिलाईल रोड गाठला. दोनेक आठवड्यांनी मालूताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, दुसरा फोन आला. तेव्हा मात्र डोकं फिरलं. "अरे, ह्यांच्या नावाचा चौक करतायत," ती म्हणाली. "शिवडीला, म्हशीच्या काट्यापाशी. तिथला पुढारी येऊन सांगून गेला." ज्या माणसाने चौकांना माणसांची नावं देण्याविरुद्ध भांडण्यात सगळं म्हातारपण घालवलं, त्याच्याच नावाचा चौक! ऐकायला भावोजी असते, तर त्यांनी पुढाऱ्याला चाळीचे तिन्ही जिने उतरेपर्यंत सुनावलं असतं.

भावोजी मालवणाकडून वडिलांच्या डिलाईल रोडच्या खोलीवर येऊन शिवडीला कामाला लागले तेव्हा तिथे अर्धं खाजण होतं आणि उरलेल्या अर्ध्यात भरणी चालू होती. मालगाडीचे रूळ आले, कापसाच्या गाठींसाठी पत्र्याची गोदामं उभी राहिली आणि भरलेले ट्रक तोलायला वजनकाटा बसला. त्या काट्यावर भावोजी कारकून. एका दुपारी शेजारच्या तबेल्यातली म्हैस काट्याच्या छपराखालच्या गार लोखंडी पत्र्यावर येऊन बसली ती उठेचना. ट्रकांची रांग पार गोदीच्या दिशेने गेली. गवळी, ड्रायव्हर, हवालदार सगळे विनवून थकले. संध्याकाळी धारेची वेळ झाली तशी बाई आपणहून उठल्या आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून तो नाका म्हशीचा काटा झाला. पुढे तबेला गेला, काटाही गेला, नाव राहिलं.

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, म्हणून भावोजींच्या लेखी मी प्राध्यापक. हा शब्द ते, आपल्याला एखाद्या आजाराचं नाव घ्यावं लागतंय, अशा सुरात उच्चारायचे. शिवडीच्या औद्योगिक वाढीमागे काय धोरण होतं, असं मी एकदा विचारून बसलो. "कोणी वसवूक नाय रे, प्राध्यापका," ते म्हणाले. "एक गोदाम झाला, त्याका काटो होयो. काट्यार ट्रक इले, ट्रकवाल्यांका चाय होयी. झालो तुझो औद्योगिक विभाग!" हे त्यांचं मत मी पुढे लग्नांत, बारशांत, एकदा तर स्मशानाबाहेरच्या बाकावरही ऐकलं. "पंगतीत पान मांडलं की ह्यांची म्हैस आलीच," असं म्हणून मालूताई कपाळावर हात मारायची, आणि भावोजी व्याह्यांना पुढचं सांगत राहायचे.

काही वर्षांपूर्वी त्या नाक्याला एका शेठजींचं नाव द्यायचा समारंभ झाला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत 'या परिसराचे शिल्पकार' वगैरे. शेठजींचं एक गोदाम तिथे होतं खरं, पण चिखलामुळे ते कधी गाडीतून खाली उतरले नाहीत, असं भावोजींचं म्हणणं. भाषणं चालू असताना हे उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ शिल्पकार, तर मग म्हैस कोण?" मंडपात हशा पिकला. पाटी अर्थातच लागली. मग अर्ज, पुन्हा अर्ज, आणि त्या अर्जांच्या मराठीवरून माझ्याशी भांडणं... शेवटी रस्ता खणताना पाटी निघाली आणि परत लावायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. महापालिकेच्या विसरभोळेपणाला भावोजी मरेपर्यंत स्वतःचा विजय समजत होते.

आता त्याच मोकळ्या जागी त्यांचं नाव. मी ताईला म्हटलं, सरळ नाही म्हणून टाक. ती म्हणाली, "जन्मभर ते नाही म्हणाले आणि मी ऐकलं. आपल्या दारावर अजून मामंजींचीच पाटी आहे रे... ह्यांचं नाव एकदा तरी कुठे दिसू दे." मला राग आला होता, पण नेमका कोणावर ते ठरत नव्हतं.

रविवारी पुढारी आले. बरोबर चार माणसं, एक फोटोग्राफर, शाल आणि श्रीफळ. घरातलं सुतक जेमतेम फिटलेलं, आणि हे सत्काराच्या तयारीने. पुढाऱ्यांनी पाटीचा मजकूर वाचून दाखवला : 'शिवडी परिसराचे शिल्पकार...' ताईने हात वर केला.

"हे तर त्या शेठजींच्या पाटीवर होतं."

"आजी, मजकूर ठरलेलाच असतो. नाव फक्त बदलतं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मग असं करा," ती म्हणाली. "शिल्पकार काढा. काट्यावरचे कारकून, असं लिहा. आणि बाजूला म्हैस काढा."

"म्हैस?"

"मोठी नको. बसलेली चालेल."

फोटोग्राफर फसकन हसला. पुढारी गंभीर झाले. "आजी, चौकाची काही शान असते."

"मग राहू दे," ताई म्हणाली. "चहा घेऊन जा."

चहा न घेताच मंडळी गेली. घाईत शाल तेवढी उचलली, नारळ टेबलावरच राहिला. ताई माझ्यावर उखडली, "झालं तुझ्या मनासारखं?"

"माझ्या कुठे? भावोजींच्या."

"गेला, तरी स्वतःचंच खरं केलं ह्या माणसाने!" तिने पदराने डोळे पुसले.

घरात येणारी प्रत्येक वस्तू, कलिंगड असो, गणपतीची मूर्ती असो की नुकतं जन्मलेलं नातवंड, भावोजी आधी दोन्ही हातांवर घेऊन जरा खालीवर करायचे आणि मगच तिच्याबद्दल बोलायचे. या सवयीवर ताई आयुष्यभर चिडत आली. आता तिने तो नारळ उचलला, तळहातांवर खालीवर केला, कानाशी नेऊन हलवला.

"हलका आहे," ती म्हणाली. "आत पाणीच नाही."